बिनपगारी उमेदवारी: आपला अनुभव काय?

उंबरठा

परवा माझ्या लेकीला एक पत्र आले आणि ते वाचून मला अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक मैत्रीण आठवली. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधील एका कंपनीने लेकीची सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवड केली आहे. वेळ सकाळी दहा ते सायंकाळी सात, शनिवार धरून, आणि मानधनाच्या रकान्यात "प्रमाणपत्र देण्यात येईल" एवढाच मजकूर आहे.

1998 साली मी धरमपेठेतील एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात पाच महिने विनावेतन काम केले. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने नकाशे काढायचे आणि रेघ चुकली की दाढीच्या ब्लेडच्या अर्ध्या तुकड्याने शाई अलगद खरवडायची. खरवडलेली जागा नखाने घासून गुळगुळीत केल्याशिवाय तिथे दुसरी रेघ ओढली तर शाई फुटते, हे तिथल्या वयस्कर ड्राफ्ट्समन काकांनी मला शेजारी बसवून शिकवले. ते पाच महिने वाया गेले असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र माझ्याबरोबर उमरेडहून आलेली ती मैत्रीण होती आणि तिची रेघ माझ्यापेक्षा स्वच्छ होती. खोलीचे भाडे आणि डब्याचे पैसे यांचा मेळ बसेना, म्हणून ती दुसऱ्याच महिन्यात गावी परत गेली. माझ्या वडिलांचा पगार दरमहा घरी येत होता, म्हणून मी टिकले. त्या वयात मला याचे काहीच वाटले नव्हते, याचे आज फार वाईट वाटते.

नोकरी लागेल या आशेवर कचेरीत विनावेतन राबणाऱ्याला आपल्याकडे पूर्वीपासून उमेदवार म्हणत आले आहेत, म्हणजे प्रथा जुनीच आहे. आपण असे काम केले असेल, करून घेतले असेल किंवा नाकारले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. सोमवारपर्यंत लेकीला उत्तर कळवायचे आहे.

खंडपीठ

ताई, आमच्या व्यवसायात याला इंटर्नशिप म्हणत नाहीत, 'ज्युनिअरशिप' म्हणतात, पण गोष्ट तीच आहे. सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात मी एका ज्येष्ठ वकिलांकडे तीन वर्षे होतो आणि पहिली दीड वर्षे पेट्रोलखेरीज काही मिळाले नाही. याचिकेची पाने क्रमाने लावणे, रजिस्ट्रीने, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयाने, काढलेल्या त्रुटी दूर करणे, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, आपला क्रमांक येईपर्यंत कोर्टरूमच्या मागच्या बाकावर बसून राहणे, हे सगळे मी तिथेच शिकलो आणि आजही त्याच शिदोरीवर माझे चालते. तरीही माझ्या वर्गातील गडचिरोली आणि गोंदियाकडची मुले पहिल्या वर्षातच वकिली सोडून स्पर्धा परीक्षांकडे वळली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरी भागात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात किमान 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. मी स्वतः माझ्या ज्युनिअरला सध्या 12,000 रुपये देतो, म्हणजे शिफारशीपेक्षा कमीच, आणि दिवाळीनंतर ते वाढवायचे ठरवले आहे.

बर्डीवाली

ड्राफ्ट्समन काकांचे वाचून डोळे भरून आले. पोळ्या लाटता लाटता वाचते आहे, सविस्तर रात्री लिहीन.

ताळेबंद

मी सनदी लेखापालाची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामातून घ्यायचे प्रशिक्षण, केली. 2014 मध्ये पहिल्या वर्षी मला महिना 1,000 रुपये मिळत. तेवढ्यात बर्डीपर्यंतचा बसचा खर्चही जेमतेम भागत असे, तरी त्या हजारांनी एक गोष्ट केली. किमान विद्यावेतन सनदी लेखापालांच्या संस्थेच्या नियमात ठरलेले असल्यामुळे ते मागताना मान खाली घालावी लागली नाही, आणि कालावधीही लिहून दिलेला होता. तेव्हा तो तीन वर्षांचा होता, 2023 च्या नव्या योजनेत दोन वर्षांचा झाला. लेकीच्या पत्रात सहा महिन्यांनंतर काय होणार, याविषयी एक तरी ओळ आहे का, ते आधी पाहावे.

निळी छत्री

मी यात फसलो आहे, म्हणून मन मोकळे करतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी शहरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीने इंटर्नशिपसाठी माझ्याकडूनच 6,000 रुपये घेतले आणि त्याला 'प्रशिक्षण शुल्क' असे नाव दिले. चार महिन्यांत एकाही वरिष्ठाने माझा कोड उघडून पाहिला नाही. एका दवाखान्याच्या संकेतस्थळावरील नोंदणीचा भाग मी एकट्याने लिहिला, तो ग्राहकाला विकला गेला, आणि मला जे प्रमाणपत्र मिळाले त्यात माझ्या नावाचे स्पेलिंगही चुकले होते. आईने ते पैसे भिशीतून उचलून दिले होते. पैसे मागणाऱ्या ठिकाणी कोणीही पाऊल ठेवू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

खंडपीठ

@निळी छत्री, वाचून फार वाईट वाटले. अमेरिकेत एका चित्रपट कंपनीविरुद्ध विनावेतन इंटर्नांनी 2011 मध्ये दावा केला होता. 2015 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कसोटी घालून दिली, की या नात्यात मुख्य लाभ कोणाचा होतो ते पाहावे. आपल्याकडील न्यायालयांना ती लागू नाही. तरी तुमच्या प्रकरणाला ती लावून पाहिली, तर उत्तर उघड आहे.

तर्रीपोहे

भिशीचे वाचून पोटात तुटले, दादा. आईचे पैसे तुम्ही आता कितीतरी पटींनी परत केले असतील.

पाळी दुसरी

हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 पासून आहे. त्यानुसार 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमदुरुस्तीने त्यांचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरले. राज्य सरकारनेही 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तीत बारावी झालेल्यांना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये महिना ठरवण्यात आले.

मुलांना हे ठाऊक नसते. 'इंटर्न' म्हटले की या कायद्याच्या कक्षेबाहेर राहता येते, 'शिकाऊ उमेदवार' म्हटले की करार नोंदवावा लागतो, आणि काही ठिकाणी शब्दाची निवड याच हिशेबाने होते. आमच्याकडे आलेल्या मुलाला पहिले तीन आठवडे लेथवर हात लावू देत नाहीत, तो फक्त व्हर्नियरने मापे घेतो आणि वहीत लिहितो. त्या काळात कारखान्याला त्याच्यापासून काही मिळत नाही, उलट एका कारागिराचा वेळ जातो, तरीही त्याला विद्यावेतन मिळते. म्हणून "शिकवतो आहोत, मग पैसे कशाला" हा युक्तिवाद मला पटत नाही.

बर्डीवाली

स्वयंपाक आटोपला. माझ्या भावाने फिजिओथेरपीची सहा महिन्यांची इंटर्नशिप एकही रुपया न घेता केली, आणि त्याच वेळी त्याच्या एमबीबीएस झालेल्या मित्राला विद्यावेतन मिळत होते. दोघे रात्री एकाच टपरीवर चहा घेत आणि पैसे नेहमी मित्र देई. भाऊ त्याविषयी कधी बोलला नाही, पण पुढे पुढे तो चहाला जायचा थांबला. काम मात्र तो फार चांगले शिकला, हेही खरेच.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. लेकीने सगळे वाचले आणि कंपनीला आज तीन गोष्टी लिहून विचारल्या: तिचा कोड रोज कोण तपासणार, पहिल्या दोन महिन्यांनंतर मानधन मिळेल का, आणि शनिवारी सुटी मिळेल का. उत्तर अजून आलेले नाही. तिला घरून डबा आहे, मेट्रोच्या तिकिटाचे पैसे मी देऊ शकते, त्यामुळे नाही म्हणण्याची तिची तितकीशी तयारी नाही, आणि मी तिला अडवणार नाही. मात्र तिच्याबरोबर निवडलेली दुसरी मुलगी वरोऱ्याची आहे आणि ती राहण्यासाठी जागा शोधते आहे.

मागचे अंगण

त्रिमूर्तीनगरला माझ्या घरामागची खोली रिकामी आहे. नळाला सकाळी पाणी येते आणि आयटी पार्क तिथून लांब नाही. वरोऱ्याच्या त्या मुलीला सांगा, मानधन सुरू होईपर्यंत मी भाडे घेणार नाही. तिच्या आईला माझ्याशी बोलायचे असेल तर दुपारी तीननंतर मी घरी असते.