मुलीला प्लास्टिक सर्जन व्हायचंय : बारावीनंतर कुठलं कॉलेज धरावं?

डिचोलीकर_पालक
मुलगी अकरावी सायन्सला आहे, गोवा बोर्ड. प्लास्टिक सर्जनच व्हायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. एक नातेवाईक म्हणतात, बेळगाव-मुंबईकडचं अभिमत विद्यापीठ बघा, तिथे प्लास्टिक सर्जरीचा विभाग मोठा असतो. दुसरे म्हणतात, बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) करून जबड्याच्या सर्जरीत गेलं की काम तेच आणि वर्षं कमी. गोमेको (गोवा मेडिकल कॉलेज) पुरेसं आहे का? गणित सोडलं तर चालेल का? जाणकारांनी पायऱ्या नीट सांगाव्यात.

पर्वरीची_रांग
आधी एक गैरसमज काढून टाका. बारावीनंतर 'प्लास्टिक सर्जरीचं कॉलेज' असं काही नसतं. रस्ता असा आहे: एमबीबीएस साडेपाच वर्षं (साडेचार शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप), मग जनरल सर्जरीत एमएस तीन वर्षं, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी (दोन्ही सुपरस्पेशालिटीच्या पदव्या) तीन वर्षं. साडेअकरा झाली. मधल्या प्रवेश परीक्षांत एक-दोन वर्षं जातातच, तेव्हा तिशी ओलांडेल असं धरून चला.

गणित नीटला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला, लागत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या गटाला बारावीत पीसीबी मिळून ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण. पेपर ७२० गुणांचा: १८० प्रश्न, त्यात ९० बायोलॉजीचे, ४५-४५ फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. मुलं बायोलॉजी पाठ करतात आणि फिजिक्समध्ये आपटतात. गणित सोडायचं तर सोडा, पण व्हेक्टर, लॉगरिदम आणि थोडं कॅल्क्युलस फिजिक्सपुरतं यायलाच हवं.

गोमेकोच्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. बाकीच्या राज्याच्या, त्यांचा प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून. तिथे गाडी अडते ती गुणांवर कमी आणि कागदांवर जास्त. मामलेदाराचा निवास दाखला आणि आरक्षणाचे दाखले निकाल लागल्यावर काढायला धावू नका. शाळेच्या कागदांवर, आधारवर आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे आत्ताच तपासा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावर माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरतात, तिथे गोंयकार असल्याचा काडीचा उपयोग नाही. वर्षाची फी वीस लाखांच्या वर सहज जाते. आणि ज्या विभागाचं नाव ऐकून तुम्ही तिथे जाल, त्यात एमबीबीएसच्या मुलाचे मोजके दिवस जातात.

डिचोलीकर_पालक
म्हणजे एमबीबीएसचं कॉलेज कुठलंही असलं तरी चालतं? आणि बीडीएसचं काय?

बांबोळी_वॉर्ड
कुठलंही नाही. गोव्यात राहणाऱ्या मुलीला गोमेको मिळत असेल तर दुसरीकडे बघू नका, आणि कारण फी एवढंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ ला पदव्युत्तर वैद्यकीय जागांमधलं निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. मात्र संस्थेने स्वतःच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देणं चालतं. म्हणजे पुढे एमएसच्या वेळी 'मी गोव्याची' यापेक्षा 'मी गोमेकोची' याला वजन आहे. बाहेर एमबीबीएस केलेल्या गोंयकार मुलांच्या हे उशिरा लक्षात येतं.

बीडीएसबद्दल. बीडीएसनंतर एमडीएसमध्ये ओरल आणि मॅक्सिलोफेशियल सर्जरी करता येते. जबड्याचे फ्रॅक्चर, फाटलेला ओठ, जबड्याची ठेवण बदलणं, सगळं गंभीर काम आहे, कमी लेखू नका. पण बीडीएसवरून प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएचला दार नाही. हात, भाजलेले रुग्ण, पायावरचा फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट हलवलेली कातडी), स्तनाची पुनर्रचना, यातलं काही त्या वाटेवर येत नाही. मुलीला फक्त चेहरा आणि जबडा आवडत असेल तर ती वाट चांगली. 'वर्षं वाचतात' म्हणून गेली तर पुढे हळहळेल. तीच गत त्वचारोगाच्या एमडीची. लेझर, बोटॉक्स, केशरोपण करता येईल, पण ते प्लास्टिक सर्जरी नव्हे.

खरी निवड एमएसच्या वेळी असते. त्याची प्रवेश परीक्षा नीट पीजी, ८०० गुणांची. रँक आली की मुलं शहराचं नाव बघतात. बघायचं असतं ते वेगळंच: त्या कॉलेजात प्लास्टिक सर्जरीचं स्वतंत्र युनिट आणि बर्न्स वॉर्ड आहे का, जनरल सर्जरीच्या रेसिडेंटला तिथे पाळी लागते का, अपघाताचे रुग्ण किती येतात, आणि मुख्य म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हातात चाकू येतो का की तीन वर्षं रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभं राहायचं. हे संकेतस्थळावर सापडत नाही. तिथल्या सध्याच्या रेसिडेंटला फोन करून विचारायचं, एकाला नाही, निदान तिघांना.

मग नीट एसएस, एमसीएच-डीआरएनबीची प्रवेश परीक्षा. सर्जिकल ग्रुपचा पेपर एकच, १५० प्रश्न, ६०० गुण, आणि तो जनरल सर्जरीवर असतो. म्हणजे प्लास्टिक सर्जरीचं कितीही वाचलं तरी परीक्षेत उपयोग थोडा. युरोलॉजी, गॅस्ट्रो सर्जरीवाल्यांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. एमएसची तीन वर्षं 'मला पुढे प्लास्टिकच करायचंय' म्हणून पोटाच्या सर्जरीकडे दुर्लक्ष करणारे इथेच अडकतात. एम्स, चंदीगडचं पीजीआय आणि जिपमर यांची सुपरस्पेशालिटीची परीक्षा वेगळी, वर्षातून दोनदा.

आणखी एक आडवाट आहे: एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं डीआरएनबी, नीट पीजीच्या रँकवर. दुसरी प्रवेश परीक्षा वाचते. जागा थोड्या, आणि मध्येच सोडलं तर हातात जनरल सर्जरीची पदवीही नसते. मन शंभर टक्के ठरलं असेल तरच.

टाका_सुई
वरचं बरोबर आहे, पण मुलीला हे काम म्हणजे काय ते कुणी सांगितलंय का? सिनेमातल्या नट्यांची नाकं हा त्यातला लहान तुकडा. सरकारी रुग्णालयात भाजलेले, दुचाकीवरून पडून नडगीचं हाड उघडं पडलेले, यंत्रात बोटं गेलेले, तोंडाच्या कॅन्सरनंतर गालच उरला नाही असे रुग्ण येतात. गोव्यातल्या रस्त्यांवर रेसिडेंटला हाताला काम कमी पडत नाही.

मूळ प्रश्न रक्तपुरवठ्याचा. ग्राफ्ट म्हणजे पूर्ण सुटी केलेली कातडी, ती खालच्या जखमेतून रक्त घेते, म्हणून उघड्या हाडावर किंवा स्नायुबंधावर धरत नाही. फ्लॅप स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येतो. पुण्यात १७९० च्या दशकात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून परत बसवलं गेलं, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातल्या सर्जननी ती पद्धत उचलली. कपाळाचा फ्लॅप आजही वापरात आहे. आपल्याकडच्या माणसाचं काम म्हणून नव्हे, तिथली कातडी नाकाशी रंगा-पोताने जुळते म्हणून.

फ्री फ्लॅपमध्ये तुकडा पूर्ण काढून दुसरीकडच्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. बोटातली वाहिनी साधारण एक मिलिमीटरची, धागा १०-०, केसापेक्षा बारीक. ऑपरेशन सहा ते दहा तास, आणि खरी परीक्षा त्यानंतर. पहिले दोन-तीन दिवस ज्युनिअरने तासातासाला फ्लॅप बघायचा. फिका, थंड, दाबल्यावर रंग परतत नाही, तर धमनी बंद. जांभळा, फुगलेला, रंग झटकन परततो, टोचलं की काळपट रक्त, तर शीर बंद. रात्री तीन वाजता 'सकाळी सरांना सांगू' म्हटलं की फ्लॅप गेला. ताबडतोब परत थिएटरमध्ये नेलं तर पुष्कळदा वाचतो. झोपेची आवड असेल तर दुसरी शाखा शोधावी, हे मी गमतीने म्हणत नाही.

हात बसतो सरावाने. एमएसच्या काळात रबरी हातमोज्याच्या तुकड्यावर ८-० ने (जरा जाड धाग्याने) टाके, मग १०-० ने, मग बाजारातल्या कोंबडीच्या तंगडीतली धमनी जोडायची. सुरुवातीला सगळ्यांचा हात थरथरतो. मनगट टेकवायला शिकलं की कमी होतं. चूक बहुतेकदा एकच: टाका घेताना मागची भिंतही सुईत येते आणि वाहिनी शिवून बंद होते.

पर्वरीची_रांग
बाँडचं राहिलं. महाराष्ट्रात किंवा इतर राज्यात एमएस, एमसीएच घेताना सेवेची अट असू शकते, मोडली तर दंड लाखांत किंवा कोटींत. जागा 'लॉक' करण्याआधी करार वाचावा. परदेशात एमबीबीएसचा विचार असेल तर किमान ५४ महिन्यांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, परतल्यावर परवान्याची परीक्षा वेगळी. स्वस्त पडतं म्हणून जाणाऱ्यांनी तेवढी वर्षं आणि तो धोका हिशेबात धरावा.

डिचोलीकर_पालक
मग आत्ता अकरावीत नेमकं काय करायचं?

बांबोळी_वॉर्ड
बायोलॉजीचं एनसीईआरटी ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट. फिजिक्सची रोज गणितं. आणि तुम्ही उद्या डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जाऊन निवास दाखल्याला काय काय लागतं त्याची यादी आणा.