मदत हवी आहे: मॅरेथॉनच्या मोसमात घरात कारवानी पिल्लू! पळायला कधी न्यायचं, तोवर काय शिकवायचं?

पाचचा_गजर

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात, कोथरूडला राहते आणि पळते. जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनला पूर्ण अंतर धावायचं आहे, म्हणजे ऑगस्टपासून पहाटे पाचला घराबाहेर, रविवारी लाँग रन. अशा ऐन मोसमात घरी भिंगरी आली आहे. लातूरकडे नात्यातल्यांच्या शेतावर कारवानी कुत्री आहेत, त्यांच्यातलं हे पिल्लू. जूनच्या सुरुवातीचा जन्म, म्हणजे आता अडीच महिन्यांची. आईबाप दोघेही पाहिलेत: उंच, सडपातळ, पोट आत ओढलेलं, शेतात काही हललं की दिसेनासे होतात. माझा स्वार्थ उघड आहे. पहाटे अंधारात एकटीने पळण्यापेक्षा सोबत हवी.

आता अडचणी. मी बूट घातले की ही रडायला लागते, आणि रडणं म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं. खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये "बाळ कसं आहे?" एवढंच म्हणाले. त्यातून काय समजायचं ते मी समजले.

रनिंग ग्रुपमधले म्हणतात, शिकारी जात आहे, पाच महिन्यांची झाली की घेऊन ये. दुसरीकडे वाचलं की वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, त्याहून जास्त चालवायचं नाही. त्या हिशेबाने आत्ता बारा मिनिटं! लस देणाऱ्या डॉक्टरांनी "अजून बाहेर काढू नका" एवढंच सांगितलं, पुढे विचारायला सवड दिली नाही. पण ही बाहेर गेलीच नाही तर गाड्या, माणसं, टेकडीवरची कुत्री यांची सवय कधी होणार?

शिवाय मी पळून आले की टाचांवर आणि लेसवर झडप. सासूबाई तिला प्रेमाने दूध-पोळी घालतात, आणि शेजारून कॅल्शियमच्या सिरपची बाटली आली आहे, "हाडं मजबूत होतात" म्हणून.

ट्रेनर ठेवा, हा सल्ला कृपया नको. लागला तर ठेवू. घरात मी काय करायचं ते सांगा.

खडकवासला_लूप

अभिनंदन! फोटो कुठाय? फोटोशिवाय धागा बाद.

एवढं घाबरू नका. माझा लॅब सहा महिन्यांचा असल्यापासून माझ्याबरोबर पाच किलोमीटर पळतोय, अजून ठणठणीत आहे. गावाकडची कुत्री काय मिनिटं मोजून पळतात? रडण्याचं म्हणाल तर रडू द्या, चार दिवसांत आपोआप थांबतं.

गोठा_ते_क्लिनिक

मी पशुवैद्य आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही. गावाकडची कुत्री पळतात ती स्वतःच्या मर्जीने. दमली की बसतात, वास आला की थांबतात. दोरीला बांधलेलं पिल्लू डांबरावर मालकाच्या वेगाने, एकाच तालात पळत राहतं, आणि आवडत्या माणसाच्या मागे ते दुखलं तरी थांबत नाही.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात, तिथून हाड वाढतं. हे थर मध्यम आकाराच्या कुत्र्यांत साधारण वर्षभरात बंद होतात, उंच आणि मोठ्या जातींत पंधरा ते अठरा महिने लागू शकतात. तुमची भिंगरी दुसऱ्या गटात धरा. दीड वर्षापर्यंत सलग अंतर नको. म्हणजे या जानेवारीचा विषयच नाही, पुढच्या डिसेंबरात सुरुवात करता येईल. त्याआधी एक्स-रे काढून घेतलात तर अंदाजावर राहायला नको.

पाच मिनिटांचा नियम हा ढोबळ आडाखा आहे, शास्त्र नव्हे. तो दोरीने चालवण्याला लावा, मोकळ्या बागडण्याला लावू नका. नॉर्वेत लॅब्रेडॉर, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या जातींच्या पिल्लांवर एक अभ्यास झाला होता. तीन महिन्यांच्या आत जिने चढ-उतर करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला, आणि मोकळ्या, उंचसखल जमिनीवर हुंदडणाऱ्यांत कमी. थोडक्यात, हिरवळीवर खेळू द्या, जिन्यावरून मात्र उचलून न्या.

लसीबद्दल तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, फक्त अर्धं सांगितलं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आड येते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस आणि शेवटचा सोळा आठवडे भरल्यावर. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत ज्या जमिनीवर अनोळखी कुत्री फिरतात तिथे खाली ठेवायचं नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण "खाली ठेवू नका" म्हणजे "घरात कोंडा" नव्हे. जग ओळखून घेण्याचं वय तीन ते चौदा आठवड्यांच्या आसपास असतं, म्हणजे तुमच्या हातात आता थोडेच दिवस आहेत. झोळीत घाला आणि पौड रोडच्या कडेला उभ्या राहा. रिक्षा, हेल्मेटवाले, छत्र्या, शाळेची मुलं, बँडबाजा लांबून. गणपती येताहेत, ढोलपथकांचे सराव सुरू असतील. बरंच लांब उभं राहून, खाऊ देत ऐकवा. थरथरायला लागली की मागे फिरा.

कॅल्शियमची बाटली परत करा. पिल्लांसाठीचं तयार खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांत जादा कॅल्शियमने हाडं मजबूत होत नाहीत, वाकडी होऊ शकतात. आपल्याकडे या सिरपचं भारी प्रस्थ आहे आणि मला रोज कुणालातरी नाराज करावं लागतं. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं. सासूबाईंना चमचाभर दही घालू द्या, उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही. त्यांचा हक्क जाणार नाही.

आणि आता खास पळणाऱ्यांसाठी. पोटऱ्यांना वेदनाशामक जेल चोळता ना? त्यात बहुधा डायक्लोफिनॅक असतं. कुत्र्यांना घामट पाय चाटायला फार आवडतात, आणि हे औषध त्यांच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंड निकामी करतं. आयबुप्रोफेनच्या गोळ्यांचंही तेच. कंबरेच्या पाऊचमधल्या मनुका, पळताना खायची कॅफीनवाली एनर्जी जेल, झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री च्युइंगगम, चॉकलेट हे सगळं कपाटात, वरच्या कप्प्यात. बूटही. तळव्याचा फोम गिळला तर आतड्यात अडकतो.

जाता जाता: कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०२ पाहून रात्री फोन करू नका.

खडकवासला_लूप

डॉक्टर, जिन्याचं माहीत नव्हतं. आमचा तिसऱ्या मजल्यावर रोज चढतो. आता तीन वर्षांचा आहे, एक्स-रे काढू का?

गोठा_ते_क्लिनिक

लंगडत नसेल, उठताना कुरकुरत नसेल तर घाई नाही. पुढच्या लसीला न्याल तेव्हा खुबे तपासून घ्या.

शेपटीमागे

माझ्याकडे मुधोळ आहे. कारवानीची सख्खी भावकी. पाचचा_गजर ताई, एक गैरसमज आधी काढते. ही कुत्री नजरेने शिकार करणारी. पळतात म्हणजे तुफान पळतात, पण थोडा वेळ. मग सोफा. दिवसातला बहुतेक वेळ आमची बाई उताणी झोपलेली असते. मोठेपणी दहा-बारा किलोमीटर आरामात येईल, पण तुमच्या बत्तीस किलोमीटरच्या लाँग रनला ती सोबत नाही, हे धरून चाला.

दुसरं, वेताळ टेकडीवर मोर आहेत. मोर दिसला की हाक ऐकू येत नाही, कान बंद होतात. म्हणून उघड्यावर दोरी सोडायची नाही, कितीही शहाणी झाली तरी. सोडायचं तर कुंपण असलेल्या जागेतच. मात्र हाकेला येण्याची सवय आत्ताच लावा. या वयात पिल्लू मागे मागेच असतं, त्याचा फायदा घ्या. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक, आली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. आणि हाक मारून कधीही अंघोळ, औषध, नखं कापणं असलं काही करायचं नाही. त्यासाठी आपण उठून तिच्यापाशी जायचं. एवढं एक पाळलंत तरी पुष्कळ.

रडण्याबद्दल: रडू द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. घाबरून रडणारं पिल्लू गप्प होतं ते दमून. तिला कळलंय की बूट आणि घड्याळ म्हणजे तुम्ही जाणार. मग ही खूणच बिघडवा. संध्याकाळी बूट घालून कुकर लावा. घड्याळ लावून पेपर वाचा. दाराबाहेर जा, दहा सेकंदांत परत या, काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने. मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं. रडायला लागायच्या आधी परत यायचं, ही खुबी आहे. पहाटे मात्र खरंच जायचं असतं, तर पावणेपाचला उठवून शू करवून घ्या, थोडं खायला द्या आणि पोकळ रबरी खेळण्यात दही भरून रात्री फ्रीजरला ठेवलेलं असेल ते पुढ्यात टाका. चाटत चाटत झोपते. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, पहाट त्यांची झोपायचीच वेळ. घरात कुणी उठू शकत असेल तर पहिले काही दिवस त्याने नुसतं शेजारी आडवं व्हावं.

यॉर्कशायरी_पुरणपोळी

मी लीड्सला असते, गेली काही वर्षं कॅनिक्रॉस करते. म्हणजे आपल्या कंबरेला रुंद पट्टा, मध्ये लवचिक दोर, कुत्र्याला ओढायचं हार्नेस, आणि कुत्रा पुढे. इथेही बहुतेक स्पर्धांत किमान वर्षाचा कुत्रा लागतो, काही ठिकाणी दीड वर्षाचा. डॉक्टर म्हणताहेत ते काही पुण्याचं खूळ नाही. पार्करनला, म्हणजे इथल्या दर शनिवारच्या पाच किलोमीटरच्या मोफत धावेला, मात्र २०२३ पासून कंबरेचा पट्टा चालत नाही, आखूड दोरी हातातच धरावी लागते.

तोवरच्या वर्ष-सव्वा वर्षात खूप काम आहे, आणि त्यात पळणं अजिबात नाही. मी दोन साधनं वेगळी ठेवली. गळ्यात पट्टा असेल तर सैल दोरीने, माझ्या डाव्या बाजूला, चालायचं. दोर ताणला की मी पुतळा. सैल झाला की पुढे. पहिले काही दिवस पार्किंगमधून गेटपर्यंत पोचायला वेळ लागतो, लोक हसतात. हार्नेस चढवलं की पळायचं, हे नंतर. हार्नेस आत्तापासून घालायची सवय करा, पण छातीवर इंग्रजी Y सारखा आकार असलेलं घ्या, खांद्यांची हालचाल मोकळी राहते.

शब्द घरात ठरवून घ्या. आजी "बस", बाबा "सिट", आई "खाली बस गं" असं चालू असेल तर कुत्रं हुशारच ठरतं, कारण ते कुणाचंच ऐकत नाही. चल, थांब, सोड, डावी, उजवी. डावी-उजवी घरातल्या दारांशी शिकवता येतं, त्याला पाच किलोमीटर लागत नाहीत. "सोड" आधी खेळण्यावर शिकवा, मग जमिनीवर पडलेल्या हाडावर.

टाचांचं: ती पळणाऱ्या पायांमागे लागते कारण पाय हलतात. ओरडलात की तिला वाटतं, आई पण खेळतेय. जागच्या जागी थांबा आणि दोरीला बांधलेली जुनी चिंधी जमिनीवर फरफटवा. पाय मेले, चिंधी जिवंत, मग ती चिंधी धरते. पळून आल्यावर दारातच एक चिंधी टांगून ठेवा. दुधाचे दात चार ते सहा महिन्यांत पडतात, तोपर्यंत हे थोडंफार चालणारच.

पाचचा_गजर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कॅल्शियमची बाटली परत गेली. सासूबाईंना दह्याचं खातं दिलं, त्या आता "माझ्या हातचंच खाते" असं फोनवर सांगतात. बूट घालून कुकर लावण्यावर नवरा हसतोय, पण काल मी बूट घातले आणि भिंगरीने फक्त एक डोळा उघडून पाहिलं.

पाच महिन्यांचा बेत रद्द. ग्रुपला कळवलंय. एकाने "मग कुत्रं पाळून उपयोग काय?" असं विचारलं, त्याला उत्तर दिलं नाही.

आता पुढचं. टेकडीवर झोळीत न्यायचं तर पावसाचं काय? आणि भटक्या कुत्र्यांची टोळी आली की मी झोळीसकट काय करू?

शेपटीमागे

पाऊस थांबलेला असताना, उजाडल्यावर जा. पहाटे अंधारात नको, त्या टोळ्या तेव्हाच पहाऱ्यावर असतात. एआरएआयच्या (टेकडीवरच्या वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूने वर गेलात की रस्त्यालगतच थांबा, आत खाणीकडे जायची गरज नाही. येणारे-जाणारे रनर तिथूनच जातात, तिला पळणारी माणसं बघायला मिळतात आणि ती मागे धावत नाही. तेवढंच हवंय. कुत्री आलीच तर पळायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, पिल्लू पोटाशी घेऊन कडेकडेने चालत राहायचं. मूठभर बिस्किटं खिशात ठेवा, लांब फेकायला. माझं तरी यावरच निभावतं.

गोठा_ते_क्लिनिक

डबक्यांतलं पाणी पिऊ देऊ नका, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. लशीत त्यातले काही प्रकार येतात, सगळे नाहीत. घरी आलात की कानांच्या मागे, बोटांच्या फटीत आणि शेपटीच्या बुडाशी गोचिडं शोधा. पुण्यात पावसाळ्यात आणि नंतर गोचीड-तापाचे रुग्ण माझ्याकडे खूप येतात. गोचिडाची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध वजनाप्रमाणे असतं, म्हणून तिचं वजन करून आणा, अंदाजाने घेऊ नका.

रेबीजची लस झाली की दाखला जपून ठेवा. महापालिकेचा परवाना काढताना तो लागतो, आणि खालचे काका कधी सोसायटीच्या बैठकीत बोललेच, तर हे दोन कागद हाताशी असलेले बरे.

खडकवासला_लूप

ते सगळं झालं. फोटो?

पाचचा_गजर

हलते हो ती! सगळे फोटो शेपटीचेच आलेत. झोपली की टाकते.