मटार रुजवताना तुमच्याकडे काय झालं? (अनुभव धागा)

नमस्कार. मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहते. परसात आठ फूट बाय तीन फुटांचा एक वाफा आहे. मेथी, पालक, घेवडा, काहीही टाका, येतं. मटार मात्र दोन वर्षं रुसला. पहिल्या वर्षी घटस्थापनेला ३० बिया टोकल्या, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं, आणि उगवल्या ४. बाराव्या दिवशी खुरप्यानं उकरून पाहिलं. बी टम्म फुगलेलं; दोन बोटांत धरलं तर साल हातात आली, आत पांढरट लगदा, वास आंबलेल्या पिठाचा. दुसऱ्या वर्षीही तेच. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर टोकलं, पाणीही कमी घातलं, तर ३० पैकी २३ आल्या. यात थंडीचा वाटा किती आणि पाण्याचा किती, हे मला नीट समजून घ्यायचंय. म्हणून सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं: कधी टोकलं, माती कसली, बी भिजवलं का, कितीपैकी किती उगवलं, जरूर लिहा. फसलेलं आधी लिहा.

सांगली, नदीकाठ

ताई, तुमचं बी पाण्यानंच गेलं असं मला वाटतं. आमची माती काळी, चिकण. तिच्यात पाणी साठलं की बियाला हवा मिळत नाही आणि ते जागेवर कुजतं. माझे सासरे शाळू पेरायच्या आधी मूठभर माती दाबून बघायचे, मीही मटाराला तेच करते. लाडू वळला आणि खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, आलाय. चिकटून राहिला तर आणखी एक दिवस थांबायचं.

वाफा आधी पोटभर भिजवते, तीन-चार दिवस तसाच सोडते, वाफसा आला की दीड इंच खोल बी टोकते. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत पाणी नाही. सुरुवातीला जीव राहायचा नाही, वरची माती सुकलेली दिसली की हात झारीकडे जायचा. पण वरून पाणी घातलं की काळ्या मातीवर पापडी धरते. एकदा ती उचलून पाहिली तर खाली कोंब फिकट, वाकडा, वाट शोधत आडवा गेलेला. तेव्हापासून बियांवर मातीऐवजी चाळलेलं शेणखत आणि माती निम्मी निम्मी पसरते. गेल्या खेपेला ५० पैकी ४१.

मिरज, गच्ची

माझ्याकडे सगळं कुंड्यांत. दोन चुका सांगतो. पहिली, ऑक्टोबरमध्ये टोकलं. दुपारी स्लॅब इतका तापतो की कुंडीच्या मातीत बोट घातलं तरी चटका जाणवतो. मटाराला रुजायला १८ ते २४ अंश मानवतं, तिशीच्या वर उगवण घसरते. आता पहाटे पांघरूण लागायला लागलं की मगच बी बाहेर काढतो, कुंड्या पूर्वेच्या कठड्याच्या सावलीत ठेवतो आणि खाली विटा देतो.

दुसरी चूक भिजवण्याची. वाटीत दीड दिवस बी पाण्यात राहिलं, वर फेस आला होता. ते सगळं वाया गेलं. आता रात्री भिजवून सकाळी उपसतो आणि ओल्या सुती फडक्यात बांधतो. मूळ तांदळाच्या कणीएवढं दिसलं की लगेच मातीत. एकदा मोड बोटभर वाढू दिले, तर टोकताना निम्म्यांची मुळं तुटली.

पाचगणीजवळ

इथे उलटा प्रश्न, थंडी जास्त आणि तांबडी माती. पाणी लगेच निचरतं, त्यामुळे बी क्वचितच कुजतं. पण डिसेंबरात टोकलं तर कोंब यायला दोन आठवडेही लागतात. घाईनं उकरू नका, मी उकरून चांगलं रुजलेलं बी मोडलंय.

कराड

कृषी खात्यात नोकरी झाली, आता घरची बाग. बियाण्याकडेही बघा. वाटाणा गोल गुळगुळीत असतो किंवा सुरकुतलेला. मेंडेलनं १८६६ साली छापलेल्या प्रयोगांत हाच फरक मोजला होता. सुरकुतलेल्यात साखर जास्त, म्हणून शेंग गोड. पण भिजताना तीच साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर मातीतली बुरशी तुटून पडते. आपल्याकडची लोकप्रिय अर्केल जात सुरकुतलेलीच. म्हणून तिला ओल बेताची हवी, आणि भिजवण्यापेक्षा कोरडं बी वाफशावर टोकलेलं बरं.

ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी बियाला चोळा, किलोला ४ ते ५ ग्रॅम पुरे. रायझोबियम या जिवाणू खताबद्दल एक गैरसमज आहे. त्यानं उगवण वाढत नाही, नंतर मुळांवर गाठी धरायला मदत होते. शिवाय सोयाबीनचं पाकीट मटाराला चालत नाही, वाटाण्याचंच मागा. गुळाच्या थंड पाण्यात कालवून लावा आणि बी सावलीत सुकवा.

तासगाव

मी उसळीच्या हिरव्या वाटाण्यांवरच केलं. दरवेळी आधी १० दाणे ओल्या कागदात गुंडाळून, डब्यात ठेवून बघते. एका पुड्यातले ९ रुजले, दुसऱ्यातले २. दुसरा पुडा फडताळात तिसऱ्या वर्षाला लागला होता. डाळ झालेले, भोक पडलेले दाणे मी निवडून काढते. दुकानातलं गुलाबी रंग लावलेलं बियाणं मात्र औषध लावलेलं असतं. ते स्वयंपाकघरात आणूच नका, घरात लहान मुलं असतील तर फारच जपा.

वाई

उगवण उत्तम झाली आणि दुसऱ्या सकाळी सगळे कोंब कुरतडलेले. साळुंक्या की खार, कळलं नाही. रडायला आलं होतं. शेजारच्या काकूंनी उपटू दिलं नाही. मटाराच्या दाण्याची दोन्ही दलं मातीतच राहतात, जीव खाली असतो. आठवड्यानं बहुतेक बुडख्यांतून नवा फुटवा आला. आता टोकल्याबरोबर वर बाभळीच्या काट्या पसरते, वेल चढायला लागला की काढते.

पलूस

आमच्या बोअरचं पाणी खारं, जमीन क्षारपड. वाफ्यात सकाळी पांढरी खपली दिसते. मटाराला खार सोसत नाही, ४० पैकी ६ आल्या. पावसाचं साठवलेलं पाणी आणि पोयटा माती घालून कुंडीत केलं तर २० पैकी १५.

सातारा (धागाकर्ती)

सगळं वाचून या वर्षी वाफ्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे एकाच पुड्यातलं बी, एकाच दिवशी, भाऊबीजेनंतर आठवड्यानं. डावीकडे वाफशावर कोरडं बी आणि पाणी बंद. उजवीकडे माझी जुनी पद्धत, रोज झारी. आज नववा दिवस. डावीकडे २० पैकी १४, कोंबांची मान अजून वाकलेली, एकावर मातीचं ढेकूळ तसंच तोललेलं. उजवीकडे ५. थंडी दोघांनाही सारखीच होती. कराडच्या दादांना एकच विचारते: उजवीकडच्या उरलेल्या जागेत आता लगेच दुसरं बी टोकलं तर चालेल, की ती माती आधी उन्हात चाळवून घ्यावी?