‘कल्चरल डिस्ट्रिक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

तलावपाळी:
एका टिपणाचं भाषांतर करतेय. शहरातल्या एखाद्या भागाची हद्द आखायची, तो नाटक, संगीत, चित्रकला, ग्रंथालयं यांच्यासाठी राखायचा आणि त्याचा कारभार बघायला वेगळी संस्था नेमायची, असा विषय. ‘सांस्कृतिक जिल्हा’ असं लिहिलेलं वाचलंय, पण ठाण्यात बसून तसं लिहायला हात धजत नाही. आपल्याकडे जिल्हा म्हणजे कलेक्टर कचेरी आणि तालुके. २०१४ मध्ये पालघर वेगळा निघाला, तो जिल्हा. मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन, कौपिनेश्वराचं देऊळ, तिथून चालत जाता येईल असं १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, एवढ्याशा टापूला जिल्हा कसं म्हणणार? शब्द सुचवा.

चरई:
‘सांस्कृतिक क्षेत्र’. इस्पितळाबाहेर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी सगळेच वाचतात. हद्द आखलेली जागा, हा अर्थ लोकांना ठाऊक आहे.

तलावपाळी:
आधी मीही तेच लिहिलं होतं. पुढच्याच वाक्यात अडले: ‘सांस्कृतिक क्षेत्रासाठी निधी’. हा निधी तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाकाठच्या या टापूला, की राज्यभरच्या कलावंतांना? ‘कलाक्षेत्रातील मान्यवर’ आपण नेहमी ऐकतो, तिथे जागेचा संबंधच नाही. ‘विभाग’ घ्यावा तर सांस्कृतिक कार्य विभाग मंत्रालयात आहे. ‘संकुल’ म्हटलं की एका कुंपणातल्या इमारती. ‘परिसर’ कानाला गोड लागतो, पण त्याला हद्दही नाही आणि त्याच्याबद्दल कुणाला जाब विचारावा तेही कळत नाही.

वाशी:
‘वसाहत’ चालेल का? वागळे इस्टेटला औद्योगिक वसाहत म्हणतोच.

तलावपाळी:
वसाहत म्हटलं की मोकळी जमीन डोळ्यांपुढे येते. हाँगकाँगच्या वेस्ट कौलूनला हा शब्द शोभेल: समुद्रात भराव टाकून काढलेली सुमारे ४० हेक्टर जागा आणि २००८ च्या कायद्याने नेमलेलं प्राधिकरण. तलावपाळी मात्र आधीपासून नांदती आहे.

मला ‘पेठ’ फार जवळचा वाटू लागलाय. पेशवाईत पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळे, म्हणजे पहिली काही वर्षं करात सूट. कारभाराला शेटे-महाजन असत. हद्द, सवलत आणि जबाबदार माणूस, तिन्ही त्या एका शब्दामागे आहेत. माँट्रियलमध्ये अशा भागाला ‘कार्तिए’ म्हणतात, तोही फ्रेंचमधला रोजचा, वस्तीवाचक शब्द. तिथे २००३ पासून कलासंस्थांपासून रहिवाशांपर्यंत सगळ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसवणारी संस्था आहे.

वाशी:
पण पेठही वसवावीच लागते ना?

तलावपाळी:
हो, पण पुण्यात जुन्या कसब्याला लागूनच एकेक पेठ वाढत गेली. आधीच्या वस्तीला धरून वाढणं, हे मला त्यात हवंय.

चरई:
पेठ म्हटलं की व्यापार आला. शिवाय पेठा पुण्याच्या. आपल्या आळ्या, पाडे आणि नाके.

तलावपाळी:
‘बाजारपेठ’ तर ठाण्यातही सगळे म्हणतात. खारकर आळीमुळे आळीचा मोह मलाही झाला, पण आळी म्हणजे जेमतेम एक गल्ली.

व्यापाराची भीती खरी आहे आणि शब्द बदलून ती जात नाही. डब्लिनच्या टेंपल बारमध्ये सरकारी वाहतूक कंपनीला बसस्थानक बांधायचं होतं. तिने इमारती विकत घेतल्या आणि काम सुरू होईपर्यंत थोड्या मुदतीने, स्वस्तात भाड्याने दिल्या. स्वस्त जागा म्हणून कलावंत आले. स्थानक बारगळलं, १९९१ मध्ये कायदा करून त्या भागाचं पुनरुज्जीवन हाती घेतलं, तरी पुढे पब एवढे वाढले की आज बरेच पर्यटक तिथे पिण्यासाठीच जातात. म्हणून ‘कौल’ मला टिपणात हवाच आहे: सवलत कुणाला, किती वर्षं, कोणत्या अटीवर. आमच्या हौशी नाट्यगटाने तलावापासून पाच मिनिटांवरची तालमीची खोली भाडं परवडेना म्हणून सोडली. ती आठवण हे लिहिताना सारखी येतेय.

वाशी:
मग ‘कलापेठ’ लिहा. पण आजचे शेटे-महाजन कोण?

तलावपाळी:
‘प्राधिकरण’ लिहिलं तर वरून नेमलेलं ऑफिस वाटेल. ‘पेठ मंडळ’ लिहितेय, त्यात तालमी करणारेही बसतील आणि तिथे राहणारेही.

चरई:
मंडळ चांगलं. पण ‘कलापेठ’ पहिल्यांदा येईल तिथे हद्दीचा उल्लेख करा, नाहीतर लोक त्याला दुकानाचं नाव समजतील.