म्हाताऱ्या कुत्रीला उरलेली अँटिबायोटिक द्यावी का?

शलाका: आमची चिंगी १२ वर्षांची. कालपासून सारखी बाहेर न्यायला लावते. बसते, चार थेंब होतात, दोन पावलं चालून पुन्हा बसते. शेवटचे थेंब लालसर असतात. चार महिन्यांपूर्वी युरिन इन्फेक्शन झालं होतं, तेव्हाच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळ्या शिल्लक आहेत, मुदतही आहे. डॉक्टर परवा भेटतील. तोवर सुरू कराव्यात असं मला वाटतं. तिचे हाल बघवत नाहीत.

विनायक: नका देऊ. लघवीची तपासणी व्हायच्या आधी तर अजिबात नको. एक-दोन गोळ्या पोटात गेल्या तरी कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, काही न उगवण्याची शक्यता असते. रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो आणि जंतू मूत्राशयात तसेच राहू शकतात. शिवाय हे इन्फेक्शनच आहे कशावरून? मुतखडा, मूत्राशयातली गाठ, दोन्हीत अगदी असंच दिसतं.

मंदार: तत्त्व म्हणून ठीक आहे, पण जनावर कळवळतंय त्याचं काय? तेच औषध, तीच कुत्री, तीच लक्षणं. डॉक्टरही बहुधा हेच लिहून देतील. २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत साध्या इन्फेक्शनला ३ ते ५ दिवसांचाच कोर्स सांगितला आहे. मग उरलेल्या गोळ्या पुरतात की!

विनायक: त्याच सूचना पुढे वाचा. तो छोटा कोर्स अधूनमधून होणाऱ्या इन्फेक्शनसाठी आहे. ६ महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर ते वारंवार होणारं धरतात आणि मग कारण शोधायचं असतं. म्हातारपणी ते कारण अनेकदा दुसरीकडेच असतं. मधुमेह, किडनी, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार). आपण गोळ्या चारत बसायचं आणि तिकडे साखर वाढत राहायची, हे मला पटत नाही. आणि मागच्या औषधाला न दबलेले जंतू असतील तर तीच गोळी काय करणार?

मंदार: जंतू दबले नसतील हाही अंदाजच झाला. दोन दिवस दुखत ठेवणं मला क्रूर वाटतं.

विनायक: दुखत ठेवा असं मी म्हणतच नाही. डॉक्टरांना फोन करून वेदनाशामक विचारा. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत नुसतं वेदनाशामक देणं हाही मान्य उपाय आहे. फक्त किडनी कशी आहे ते त्यांना ठरवू द्या, आणि घरातली आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी आहे.

रेवती: शलाकाताई, चिंगीचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालंय का? नसेल आणि पाणी जास्त पीत असेल, मरगळली असेल किंवा मागून स्राव येत असेल, तर परवापर्यंत थांबू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो, त्यात जीव जातो. जोर करूनही एक थेंब येत नसेल तरी लगेच न्या.

शलाका: ऑपरेशन झालंय, खातेपितेही नीट. पाणी मात्र हल्ली जास्त पिते, हे आत्ता लक्षात आलं. गोळ्या थांबवते. लघवी घरी धरता येईल का?

रेवती: येईल. ती बसली की मागून पसरट, स्वच्छ भांडं हळूच खाली सरकवा. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, झाकणाच्या डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि काही तासांत पोचवा. साखर, रक्त, लघवीचा दाटपणा एवढं त्यात कळेल. कल्चरसाठी डॉक्टर पोटातून सुईने थेट मूत्राशयातली लघवी काढतील.

मंदार: पाणी जास्त पितेय हे आधी माहीत असतं तर मीही तपासणीच सांगितली असती. पण डॉक्टर आठवडाभर मिळणारच नसतील तर मी गोळी देईन, हे माझं मत कायम आहे.

विनायक: तेव्हाही आधी नमुना घ्या, मग गोळी.