घरी रिबन माइक: पट्टी कुठली घ्यावी?

प्रश्न: आईचा तंबोरा रेकॉर्ड करायला पहिल्यांदाच रिबन माइक (चुंबकांमधल्या पातळ धातूच्या पट्टीने आवाज टिपणारा) बनवतोय. दोन निओडिमियम चुंबकांमध्ये स्वयंपाकघरातली फॉइल ताणून बसवली. आवाज येतो, पण फार क्षीण आणि दबका. काय चुकलं?

उत्तर: फॉइल जाड आहे, दादा. ती साधारण १० मायक्रॉन किंवा त्याहून जाड असते. रिबनला २ ते ५ मायक्रॉनची लागते. आणि ताणू नका. दोन दातेरी चाकांमधून हलकेच फिरवून चुण्या पाडा, मग सैलसर बसवा. माझ्या चार पट्ट्या फाटल्या, पाचवी बसली. पंखा बंद ठेवा, श्वासही जपून घ्या!

उत्तर: ट्रान्सफॉर्मर लावलाय का? पट्टीचा रोध एका ओहमपेक्षाही कमी असतो. त्यामुळे सिग्नल फार क्षीण येतो; साधारण १:३५ चा, म्हणजे व्होल्टेज ३५ पट करणारा, लागेल. फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधून माइकला जाणारी वीज) मात्र बंदच ठेवा.

प्रश्नकर्ता: ट्रान्सफॉर्मर नव्हताच! उद्या आणतो.