मॅक्रो म्हणजे ‘उशिरा चालणारं फंक्शन’? काहीही!

कंसपीडित: ‘लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतला मॅक्रो म्हणजे आर्ग्युमेंट (त्याला दिलेला मजकूर) उशिरा इव्हॅल्युएट करणारं, म्हणजे त्याची किंमत उशिरा काढणारं फंक्शन’ असं कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. अहो, मॅक्रो आर्ग्युमेंट इव्हॅल्युएट करतच नाही! त्याच्या हातात कच्ची लिस्ट, म्हणजे कंसातला कोड जसाच्या तसा पडतो, तो दुसरी लिस्ट परत देतो. तिच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या जागी, पुन्हा मॅक्रो निघाला तर तोही उलगडायचा. (व्हेन क ख), म्हणजे ‘क खरं असेल तर ख कर’, याचं (इफ क (प्रॉग्न ख)) होतं (प्रॉग्न म्हणजे ओळीनं चालव) आणि कंपाइल झालेल्या कोडमध्ये व्हेनचा मागमूस उरत नाही. मॅक्रो एक पायरी उलगडून दाखवणारं मॅक्रोएक्स्पांड-१ चालवून बघा, मग लिहा.

कालचा_पोस्टवाला: वापरणाऱ्याला फरक काय पडतो? नवशिक्याला पहिल्याच दिवशी कंपायलर शिकवू?

कंसपीडित: फरक? ‘वर्ग’ मॅक्रो एक्सचं (* एक्स एक्स) करतो. आय 3 असताना (वर्ग (इन्कएफ आय)) लिहा; इन्कएफ आय एकानं वाढवतं आणि इथे ते दोनदा चालतं. 16 नाही, 20 येतात.

कालचा_पोस्टवाला: अल्गोल 60 या जुन्या भाषेतल्या कॉल-बाय-नेममध्येही (आर्ग्युमेंट लागेल तेव्हा दर वेळी नव्यानं इव्हॅल्युएट करायचं) 20च येतील. म्हणजे उशिराच झालं की!

कंसपीडित: वा, एक गुण घ्या. उदाहरण माझं चुकलं, मुद्दा तुमचाच चुकलाय.

रात्रपाळी: फरक मी भोगलाय. चालू सर्व्हरवर लॉगिंगचा मॅक्रो दुरुस्त केला, रेपलमध्ये (कोड टाकला की लगेच चालवून दाखवणारी खिडकी) झकास चालला. आधी कंपाइल झालेली फंक्शनं मात्र जुनाच विस्तार पोटात घेऊन बसलेली. चूक तशीच! फंक्शन बदललं असतं तर पुढचा कॉल नव्याकडे गेला असता.

स्कीमभक्त: हायजिनबद्दल, म्हणजे मॅक्रोतली नावं वापरणाऱ्याच्या नावांशी न भिडण्याबद्दल, कुणी बोलणार का? ‘टेम्प’ नावाचं तात्पुरतं व्हेरिएबल वापरून स्वॅप मॅक्रो लिहा आणि (स्वॅप टेम्प एक्स) करा. काहीच अदलाबदल होत नाही. 1986 मध्ये कोलबेकर मंडळींनी उपाय दिला, तरी कॉमन लिस्प या बोलीवाले जेनसिम (कुणाशी न जुळणारं नवं नाव बनवणारं फंक्शन) कुरवाळत बसलेत.

कंसपीडित: आले! विषय कुठलाही असो, यांचं हायजिन. एका जेनसिमनं भागतं.

स्कीमभक्त: ते तुमची नावं वाचवतं. मॅक्रोनं बोलावलेलं हेल्पर फंक्शन वापरणाऱ्यानं फ्लेटनं (त्याच नावाचं स्थानिक फंक्शन बनवून) झाकलं तर?

कंसपीडित: नावांचे वेगळे कप्पे करणारी पॅकेजेस कशाला असतात? आणि अ‍ॅनाफोरिक इफमध्ये (अटीची किंमत ‘इट’ या नावानं वापरू देणारा इफ) ‘इट’ मुद्दाम पकडायचं असतं. तुमच्या स्कीमच्या हायजिनवाल्या सिंटॅक्स-रूल्सनं करून दाखवा.

स्कीमभक्त: घाण करायची सोय हवीच असेल तर वेगळी यंत्रणा आहे. डीफॉल्ट का असावी?

कालचा_पोस्टवाला: तुमचं चालू द्या. पोस्ट बदललीये: ‘कोड घेऊन कोड देणारं फंक्शन’. आता झोप लागेल ना?

कंसपीडित: ‘इव्हॅल्युएशनच्या आधी चालणारं’ हे राहिलं.